प्रयोगशील शाळा: पहिलीची पटसंख्या आणि दहावीचा निकाल

प्रयोगशील, म्हणजे वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या शाळांचं मूळ सांगताना १९३७ची वर्ध्याची परिषद, तिथे मांडलेली गांधीजींची नई तालीम (हाताच्या कामातून शिक्षण), कोसबाडची आदिवासी मुलांसाठीची कुरणशाळा यांचा उल्लेख होतोच. पण शहरांतल्या एकेका तुकडीच्या अनेक मराठी शाळा १९८०नंतर पालकांनीच काढलेल्या. प्राध्यापक, डॉक्टर, बँकवाले, चळवळीतली मंडळी. घरात पुस्तकं होती, निकालही चांगले लागले. त्यात पद्धतीचा वाटा किती आणि घराचा किती, हे तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्यानुसार राज्यात खासगी विनाअनुदानित शाळांतले २५ टक्के राखीव, मोफत प्रवेश २०१२-१३पासून सुरू झाले. वीस मुलांच्या पहिलीत पाच मुलं वंचित गटातली किंवा १ लाखाच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतली. वर्ग बदलला, हे कागदावर तरी खरं.

पुढची गोष्ट मात्र कमी बोलली जाते. हा हक्क आठवीपर्यंतच आहे. पहिली तुकडी २०१९-२०ला आठवीत होती, नववीत गेली ती कोरोनाच्या वर्षी. फी भरायची की दाखला काढायचा, हा प्रश्न नेमका तेव्हा घराघरात आला. जी मुलं गेली, ती शाळेच्या दहावीच्या निकालात नाहीत. ज्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवलं जातं, तीही नाहीत. म्हणजे प्रवेशाची आकडेवारी एका गटातल्या मुलांची आणि निकाल दुसऱ्या गटाचा. तरीही दोन्ही माहितीपत्रकात शेजारीशेजारी छापले जातात!

टक्केवारीही जपून वाचावी लागते. बारांच्या तुकडीत एक नापास झाला की १०० टक्के थेट ९१.६७वर येतात. शिवाय नियम बदलले की अख्ख्या राज्याचा निकाल हलतो. २०१८ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढले आणि तो ७७.१०वर घसरला. गुण परत आले, २०२०चा निकाल ९५.३०. एका वर्षात मुलं तेवढी हुशार झाली नव्हती.

फेब्रुवारी २०२४च्या अधिसूचनेने प्रवेशाचाच पाया हलवला. १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित शाळेला २५ टक्के जागा देण्याचं बंधन उरलं नाही. शहरात एवढ्या अंतरात अशी शाळा नाही, असं ठिकाण सापडणार कुठे? बहुतेक खासगी शाळा आपोआप सुटल्या आणि पालकांनी अर्जही फारसे भरले नाहीत. शासनाचं म्हणणं, जवळ शाळा असताना प्रतिपूर्तीचा, म्हणजे या मुलांच्या फीपोटी खासगी शाळांना पैसे देण्याचा खर्च कशाला. ती रक्कमही वर्षानुवर्षं थकायची, त्यामुळे काही छोट्या शाळांना हा निर्णय सोयीचाच वाटला असणार. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, जुलैत अधिसूचना रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. तोवर शाळा सुरू होऊन दोन महिने होत आले होते. नववीच्या फीला या सगळ्यात कुणी हात लावला नाही.