नाणी आणा, पण घासून आणू नका

दिवाळीची साफसफाई झाली की ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या नाण्यांच्या दुकानात, काउंटरवर डबे यायला लागतात. माळ्यावर सापडलेली आजोबांची नाणी, आणि आमच्याकडे आणायची म्हणून आदल्या रात्री चिंच-मीठ लावून लख्ख केलेली! मग आम्ही निम्मा भाव सांगितला की राग येतो. तो का सांगतो, ते एकदा लिहूनच ठेवतो.

पंचम जॉर्जचे दोन पाव आणे काउंटरवर शेजारी ठेवलेले आहेत, भिंग मागून घ्या आणि बघा. एक चॉकलेटी आहे, त्यावर राजाच्या दाढीचे केस सुटे दिसतात. दुसरा गुलाबीसर चकाकतो, पण दाढी सपाट झाली आहे आणि सगळीकडे बारीक चरे आहेत. तांब्यावर वर्षानुवर्षं धरलेला तो काळपट थर म्हणजे मळ नाही. आतल्या धातूचं रक्षण तोच करतो. आंबटाने तो विरघळतो, पावडरीने खरवडला जातो आणि पुन्हा तसा धरायला कित्येक वर्षं लागतात. चांदीच्या रुपयाचंही तेच. ॲल्युमिनियमचे पैसे तर धुण्याच्या सोड्यात कधीच टाकू नका, सोडा ॲल्युमिनियम खातो. माती लागली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, सुती कापडाने टिपा, चोळू नका. नाणं कडेला धरा. एवढं पुरे.

व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून आम्ही भाव सांगत नाही, त्यात आखडूपणा नाही. राणी व्हिक्टोरियाचा रुपया ११.६६ ग्रॅम भरायला हवा, ते फोटोत कसं दिसणार? शिवाय १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे, त्यामुळे ‘जुना रुपया आहे’ एवढ्यावर काही ठरत नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात, असा मेसेज घेऊन येणाऱ्यांना आम्ही चहा पाजतो आणि नाणं परत देतो. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून जुन्या नाण्यांसाठी कोणी आधी कमिशन मागत असेल, तर तो फसवतोय. बँकेनेच २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता.

थोडक्या पैशात सुरुवात करायची असेल तर शिवराईच्या, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याच्या, मागे लगेच धावू नका. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे पूर्ण अक्षरं क्वचितच मिळतात. त्यात नकली नाणी बरीच, डोळा तयार व्हायला वेळ लागतो. त्यापेक्षा नये पैसे घ्या. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, तिथून पुढे निघालेले १, २, ५, १०, २५ आणि ५० नये पैसे. लोकांना हिशोब कळावा म्हणून एक नया पैशाच्या नाण्यावर ‘रुपये का सौवां भाग’ असं छापलेलं आहे. १९६४ मध्ये ‘नये’ गेलं. सहा नाण्यांचा हा संच साधारण अवस्थेत खिशाला परवडतो.

आणि एक छंद तर फुकटातला. नव्वदच्या दशकातले सुटे रुपये चाळा आणि सालाखाली बघा: पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबई टाकसाळ, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालाची चारही जमवून बघा, दिसतं तेवढं सोपं नाही. अडलेलं चौथं बहुतेक वेळा आमच्या दारातल्या डब्यात सापडतं.

ठाण्याच्या पावसाळ्यात मऊ, वास मारणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात तांबं ठेवलं की हिरवं चिकट होतं. नाणं दिसेल अशी पारदर्शक खिडकी असलेले, पिना मारून बंद करायचे कागदी होल्डर वापरा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. होल्डर आमच्याकडे सुटेही मिळतात. पहिल्यांदा येत असाल तर पिना कशा मारायच्या ते दाखवून देतो, कारण नाण्याला ओरखडा बहुधा तिथेच पडतो.