मुरमातले गोटे आणि माळावरची तळी

डिसेंबर 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून एक बातमी आली होती. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोल दगडांना कुलदैवत मानून पुजत होते, ती डायनासोरची अंडी असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं, अशी ती बातमी. तेव्हापासून आपल्याकडे मुरमाच्या खाणीत एखादा गोलगरगरीत गोटा निघाला की त्याचा फोटो ‘अंडं सापडलं’ म्हणून मोबाईलवर फिरू लागतो. कुणी त्याला आकाशातून पडलेली उल्का म्हणतं, कुणी म्हणतं इथून पूर्वी मोठी नदी वाहत होती. सोलापूरच्या माळावरच्या गोट्यांपुरतं बोलायचं तर तिन्ही चूक. धार भागातली अंडी सापडतात ती लाव्हाच्या थरांखालच्या गाळाच्या खडकात. आपला खडक म्हणजे खुद्द तो थिजलेला लाव्हा. 1100 अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या रसात अंडं शिल्लक राहत नाही.

मग हे गोटे गोल कशाने झाले? याचं उत्तर पाहायला बार्शी रस्त्याने नान्नज-मार्डीच्या बाजूला जावं. दसऱ्यानंतरचे दिवस उत्तम, कुसळी गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि तळ्यांत अजून पाणी असतं. माळढोक अभयारण्याची हद्द लागेल तिथे परवानगीशिवाय शिरू नये. दगड बाहेरही भरपूर आहेत. रस्त्यासाठी टेकाड कापलेलं असेल तिथे थांबा. त्या कापात तपकिरी मुरूम दिसेल आणि मुरमात एकावर एक रचल्यासारखे काळे गोटे. प्रत्येक गोट्याभोवती पापुद्रे. बाहेरचे पापुद्रे बोटाने चुरता येतात, आतले हातोडीला दाद देत नाहीत.

हा खडक बेसाल्ट, आपला नेहमीचा काळा पाषाण. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूभाग या खडकाखाली आहे. सह्याद्रीत या थरांचे उंच कडे झाले. पूर्वेकडे येताना त्यांची एकूण जाडी कमी होत जाते. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला जे खोल छिद्र घेतलं, त्यात 338 मीटरवर बेसाल्ट संपला आणि गाळाच्या एका पातळ थराखाली कितीतरी जुना ग्रॅनाइटी पाया लागला. हे सगळं शाळेत थोडंफार झालेलं असतं, म्हणून इथे फार रेंगाळत नाही.

मला थांबायचं आहे ते त्या पापुद्र्यांपाशी. बहुतेकांना वाटतं की हे उन्हाचं काम: दिवसा दगड तापतो, रात्री निवतो आणि सोलला जातो. सोलापूरचा मे महिना भोगलेल्या माणसाला हे पटकन पटतं. पण दिवसरात्रीचा तापमानातला फरक जमिनीत अर्धा मीटर खाली गेलं की जवळपास संपतो. खाणीच्या कापात तीन-चार मीटर खोलीवर, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथेही गोटे असेच सोललेले असतात. म्हणजे काम उन्हाचं नव्हे, पाण्याचं आहे.

लाव्हा निवताना आकसला, म्हणून खडकात उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि त्याचे चौकोनी ठोकळे झाले. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून सौम्य आम्ल बनतं आणि या भेगांतून उतरतं. ते फेल्स्पार आणि पायरॉक्झीन या खनिजांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम ओढून काढतं. मागे राहिलेल्या सिलिका आणि ॲल्युमिनियमपासून चिकणमातीची खनिजं तयार होतात. लोह ऑक्सिजनशी संयोग पावून तपकिरी होतं. मुरमाचा रंग त्या लोहाचा.

आता ठोकळा गोल कसा होतो ते पाहू. पुस्तकांत सोपं उत्तर मिळतं: पृष्ठावर पाणी एका बाजूने हल्ला करतं, कडेवर दोन बाजूंनी, कोपऱ्यावर तीन बाजूंनी, म्हणून कोपरा आधी जातो. हे बरोबर आहे, पण अर्धंच. एक मीटर बाजूचा घन घ्या आणि कुजण्याची, म्हणजे दगडाची माती होण्याची, सीमा प्रत्येक बाजूने 10 सेंटीमीटर आत सरकली असं समजा. उरेल 80 सेंटीमीटर बाजूचा घन, म्हणजे 0.512 घनमीटर. जवळजवळ निम्मा दगड गेला, पण उरला तो घनच! कोपरे अजून तसेच टोकदार. सीमा सगळीकडे सारख्याच वेगाने सरकली तर गोटा कधीच तयार होणार नाही.

तो होतो, कारण वेग सगळीकडे सारखा नसतो. दगडाच्या आत पाणी वाहत नाही. आम्लाचे आणि ऑक्सिजनचे कण खनिजांमधल्या अतिसूक्ष्म फटींतून हळूहळू पसरतात. याला विसरण म्हणतात. एखाद्या जागी किती कण पोचले आहेत, त्यावर तिथला दगड किती लवकर कुजणार हे ठरतं. सपाट पृष्ठाखाली 10 सेंटीमीटरवर असलेल्या जागेला हा पुरवठा मुख्यतः एकाच दिशेने होतो. कोपऱ्याखाली, तिन्ही पृष्ठांपासून 10-10 सेंटीमीटरवर असलेल्या जागेला तो तीन दिशांनी होतो आणि तीन पुरवठ्यांची बेरीज होते. त्यामुळे समान पुरवठ्याच्या बिंदूंमधून रेषा काढली, तर ती पृष्ठाजवळ पृष्ठाला समांतर जाते आणि कोपऱ्यापाशी वळण घेऊन आत सरते. कुजण्याची सीमा त्याच रेषेवरून पुढे जाते. आत जावं तसं वळण मोठं होत जातं, सपाट भाग कमी होत जातो आणि शेवटी मध्ये गोटा उरतो.

विसरणाची आणखी एक खोड आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो, तिप्पट झालं की नऊपट. म्हणजे कुजलेला भाग जाड होईल तसं काम रेंगाळायला हवं आणि एकच जाड, सलग साल तयार व्हायला हवी. मग कांद्यासारखे सुटे पापुद्रे कुठून आले? इथे लोह आणि चिकणमाती कामाला येतात. ऑक्सिजन घेतलेलं लोह आणि नव्याने बनलेली माती मूळ खनिजांपेक्षा जास्त जागा मागतात. कुजलेली साल फुगते, आतला ताजा दगड फुगत नाही. दोघांच्या मधल्या ताणाने सीमेलगत तडा जातो, साल सुटते आणि त्या तड्यातून पाणी थेट ताज्या दगडाशी येऊन भिडतं. विसरणाला पुन्हा शून्यापासून सुरुवात, नव्या दमाने. कांद्याचा गाभा मोठा होत जातो, इथला गाभा लहान होत जातो, एवढा फरक लक्षात ठेवला की झालं.

पावसाने वरचा मुरूम धुऊन नेला की हेच गाभे माळावर उघडे पडतात. कुणी मुद्दाम आणून रचावेत तसे दगडांचे ढीग दिसतात ते हे. आणि धुऊन गेलेली माती? ती सखल भागात साचून आपली काळी जमीन झाली. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात फुगून त्या मिटवणारी ती माती म्हणजे त्या पापुद्र्यांतलीच चिकणमाती. वर्षाला 550 मिलिमीटरच्या आसपास पावसात मंगळवेढ्याची ज्वारी पाणी न देता येते, ती या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर. खडकातून सुटलेलं कॅल्शियमही फार लांब जात नाही. ओढ्याच्या काठी चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांच्या रूपात ते भेटतं. कोकणात पाऊस आपल्या चौपट-पाचपट. तिथे या बेसाल्टमधलं बहुतेक सगळं वाहून जातं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं आणि जांभा होतो.

माळ उतरलं की तळी लागतात. काही जुन्या खाणींत पाणी साचून झालेली आहेत. त्यांचे काठ सरळ तुटलेले असतात, मुलांना तिथे पोहायला उतरू देऊ नका. बाकीचे बहुतेक पाझर तलाव, त्यातले कितीतरी 1972 च्या दुष्काळात लोकांनी हाताने खोदलेले. घट्ट काळ्या पाषाणात पाण्याला जवळजवळ जागाच नसते. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या थराच्या माथ्याशी असलेल्या सच्छिद्र भागात, ज्याला विहिरी खोदणारे मांजऱ्या म्हणतात. तळ्यातलं पाणी मुरमातून झिरपत खालच्या विहिरींना मिळावं, एवढ्यासाठी पाझर तलाव.

हातावर नारळ उभा करून किंवा कडुलिंबाची बेचकी धरून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्यांवर विश्वास बसतो, त्याचं कारणही याच मुरमात आहे. तो जवळपास सगळीकडे असतो आणि पावसाळ्यानंतर त्यात थोडंफार पाणी लागतंच. नारळ बरोबर ठरल्याची गोष्ट गावभर होते. कर्ज काढून पाडलेली आणि फेब्रुवारीत आटलेली बोअर कुणी मोजत नाही. त्यापेक्षा शेजारच्या विहिरीत उतरून मुरूम किती खोलीपर्यंत आहे ते पाहावं. त्याला पैसे पडत नाहीत आणि ते खरं बोलतं.

बरेच पाझर तलाव आता पाझरत नाहीत. माळावरून वाहून आलेल्या चिकणमातीने त्यांचे तळ लिंपले गेले आहेत. 2017 पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. गाळ काढून शेतात टाकला की माती माळाखालच्या शेताला मिळते आणि तलावाचा तळ मोकळा होतो. पण तळाशी तपकिरी मुरूम दिसला की यंत्र थांबवलं पाहिजे. खोल खणलं म्हणजे जास्त पाणी मावलं असं समजून पुष्कळ ठिकाणी मुरूमही उपसून थेट काळ्या पाषाणाला हात घातला जातो. तसं झालं की तळं भरलेलं दिसतं, पाणी उन्हात आटतं आणि खालच्या विहिरी कोरड्या राहतात.