सिमेंटनं खाल्लेली वीट

वाईच्या आमच्या वाड्यात मागच्या पडवीची विटांची भिंत दर पावसाळ्यात ओल धरायची. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही शहाणपणा करून तिला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला. दोन वर्षं भिंत कोरडी दिसली. मग ओल गिलाव्याच्या वरच्या कडेला, पार छातीइतक्या उंचीवर उगवली. गेल्या वर्षी एक मोठा पोपडा सुटून पडला, तर आत वीट नव्हतीच, लाल भुगा होता. पोपडा मात्र ठणठणीत.

दुरुस्तीला आलं ते तीन पिढ्यांचं गवंडी कुटुंब. आबा चुन्याच्या कामात वाढलेले, मुलगा आरसीसीच्या, आणि नातू दोन्हीकडे: एका आठवड्यात स्लॅब, दुसऱ्यात जुनं देऊळ. आबांनी थापीच्या मुठीनं भिंत ठिकठिकाणी वाजवली. "बद्द वाजतंय. मालक, भिंतीचा श्वास कोंडलाय."

'भिंतीचा श्वास' हा शब्द मला जरा काव्यमय वाटतो, पण त्यामागचं पदार्थविज्ञान पक्कं आहे. दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं जमिनीतलं पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढतं आणि येताना विरघळलेले क्षार घेऊन येतं. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून पाण्याची वाफ बरीचशी सांध्यातूनच बाहेर पडते. क्षार तिथेच साठतात आणि झिजतो तो सांधा. काही दशकांनी दरजा नव्यानं भरल्या की काम झालं. सांधा मरतो, वीट वाचते.

सिमेंटनं ही वाट बुजते. पाणी वर सरकतं, नाहीतर विटेतूनच सुकतं, आणि क्षारांचे स्फटिक विटेच्या पोटात वाढतात. त्यातला सोडियम सल्फेट सर्वांत द्वाड. कोरडा असताना जेवढी जागा घेतो, त्याच्या सुमारे चौपट जागा पाणी धरून स्फटिक झाल्यावर घेतो. ओल, उन्हाळा, पुन्हा ओल, असं चक्र चालू राहिलं की विटेचा भुगा ठरलेला. त्यात सिमेंट स्वतःचेही थोडे सल्फेट भिंतीला देतं.

चुन्याची कथा वेगळी. चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून 56 किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकलं की तो खदखदून विरतो. हा विरलेला चुना वाळूबरोबर मळून भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊ लागतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे दगडाचा दगडच. किल्ल्यांवर बैल जुंपायची चुन्याची घाणी अजून दिसते. तिच्यात चुना नुसता मिसळत नसे, रगडला जाई. त्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड घातली की तिच्यातली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी जुळतात आणि सांधा पाण्यातही घट्ट होतो.

गुळाचं पाणीही घालत. साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो आणि मिश्रण करणीखाली सुरेख पसरतं. हाच गूळ सिमेंटमध्ये पडला तर घोटाळा! अगदी थोडी साखरही सिमेंटचं आवळणं लांबवते, म्हणून साखरेच्या रिकाम्या गोण्या स्लॅबच्या कामाजवळ नकोत असं नातू सांगतो.

पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ अॅस्पडिननं इंग्लंडमध्ये 1824 साली घेतलं. आजचं सिमेंट सुमारे 1450 अंशांना भाजतात, आणि त्याला घट्ट व्हायला हवा नाही, पाणी लागतं. चुन्यावर दहा मजले उभे राहणार नाहीत, हे आबाही मान्य करतात.

खरी गंमत मला नातवाच्या पिशवीतल्या एका बाटलीनं दाखवली. शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतो तेच फिनॉल्फ्थॅलिन. अल्कधर्मी पदार्थावर थेंब पडला की गुलाबी, नाहीतर बेरंग. आरसीसीच्या खांबाला छिन्नीनं टवका काढून थेंब टाकतात. गुलाबी झाला तर छान, काँक्रीट अल्कधर्मी आहे, आतली सळई सुरक्षित. बेरंग राहिला तर तिथवर हवेतला कार्बन डायऑक्साइड पोचलाय. ही सीमा सळईपर्यंत गेली आणि ओल मिळाली की गंज सुरू. चुन्याच्या सांध्यावर मात्र उलटं वाचायचं: बेरंग म्हणजे सांधा पिकला, गुलाबी म्हणजे अजून कच्चा. वायू तोच, अभिक्रियाही तीच, नव्या खांबात रोग आणि जुन्या भिंतीत औषध. दोन्ही कामं करणाऱ्या घराला हे डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावं लागतं.

आमची भिंत त्यांनी दिवाळीनंतर धरली. भर पावसात सांधे भरत नाहीत, कारण छिद्रं पाण्यानं भरली की त्यांतून कार्बन डायऑक्साइड हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. पण पार कोरडंही चालत नाही, म्हणून भिंतीवर महिनाभर ओलं गोणपाट.

परवा नातवानं थेंब टाकून पाहिला. कडेची काही मिलिमीटर बेरंग, आत छान गुलाबी. रंग कधी द्यायचा, मी विचारलं. आबांनी चुन्याच्या सफेदीला परवानगी दिली, ऑइल पेंटचं नाव काढायचं नाही म्हणाले.