साठलेलं तांबं: विल्सन विकाराची लक्षणं ओळखताना

तांब्याच्या भांड्यातलं पाणी यकृत 'शुद्ध' करतं, असा प्रचार सध्या जोरात आहे. शरीराला तांबं लागतं हे खरं. पण मोठ्या माणसाला दिवसाकाठी जेमतेम १ मिलिग्रॅम पुरतं आणि ते डाळी-धान्यांतून आपोआप मिळतं. खरा प्रश्न जास्तीचं तांबं बाहेर टाकण्याचा आहे. साधारण ३०,००० माणसांत एखाद्याला ते जन्मतःच जमत नाही. या आजाराचं, म्हणजे विल्सन विकाराचं, सविस्तर वर्णन लंडनमधले मेंदूविकारतज्ज्ञ किनियर विल्सन यांनी १९१२ साली केलं.

दोष असतो १३व्या गुणसूत्रावरच्या एटीपी७बी या जनुकात. त्याच्या सदोष प्रती आई आणि वडील अशा दोघांकडूनही आल्या, तरच आजार होतो. या जनुकापासून यकृताच्या पेशीत तांबं हलवणारं एक प्रथिन बनतं आणि ते दोन ठिकाणी काम करतं. एरवी ते पेशीतल्या गॉल्जी पिंडात (पेशीत बनलेली प्रथिनं तयार करून बाहेर पाठवणाऱ्या भागात) बसून सेरुलोप्लाझ्मिन या रक्तातल्या प्रथिनात तांब्याचे सहा अणू बसवतं. पेशीत तांबं वाढलं की तेच प्रथिन जागा सोडून पित्तनलिकेच्या बाजूला सरकतं आणि जादा तांबं पित्तात सोडतं. ते बिघडलं की दोन्ही कामं अडतात. तांब्याविना बाहेर पडलेलं सेरुलोप्लाझ्मिन रक्तात टिकत नाही, लवकर नष्ट होतं. रक्तातलं बहुतेक तांबं एरवी त्याच्यासोबतच फिरत असल्यामुळे तपासणीत रक्तातलं एकूण तांबं चक्क कमी दिसतं. तो आकडा पाहून तांब्याचं पाणी सुरू करणं म्हणजे आगीत तेल ओतणं आहे, कारण यकृत तेव्हा तांब्याने भरलेलं असतं.

यकृताची तांबं साठवण्याची क्षमता संपली की तांबं रक्तात उतरतं आणि मेंदू, डोळे, मूत्रपिंडं गाठतं. लहान वयात बहुधा यकृताची लक्षणं दिसतात: कावीळ, पोटात पाणी, पायांवर सूज. कधी तांबड्या रक्तपेशी अचानक फुटून अंगातलं रक्त एकदम कमी होतं. किशोरवयात आणि तरुणपणी हात थरथरणं, अक्षर बिघडणं, बोबडं बोलणं, लाळ गळणं, हातपाय ताठरणं सुरू होतं. अभ्यासात हुशार असलेलं मूल मागे पडतं, चिडचिड करतं, विचित्र वागतं. अशा वेळी 'बाहेरचं झालंय' म्हणून देवऋषाकडे नेण्यात किंवा कावीळ उतरवून घेण्यात जे महिने जातात, तेवढ्यात यकृत आणि मेंदू कायमचे खराब होऊ शकतात.

बुबुळाच्या कडेला, पारदर्शक पटलाच्या आतल्या थरात तांबं साचून तपकिरी-हिरवट कडं दिसतं. ते आधी वरच्या बाजूला उमटतं, मग खालच्या. सुरुवातीला स्लिट लॅम्पशिवाय (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाशिवाय) ते दिसत नाही. मेंदूची लक्षणं असलेल्या बहुतेक रुग्णांत ते सापडतं; नुसतं यकृत बिघडलेलं असेल तर अनेकदा नसतं. म्हणून कडं नाही एवढ्यावरून आजार नाही असं म्हणता येत नाही. सोबत रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासतात. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत, तीही धरून, सगळी लॅबने दिलेल्या डब्यात धरायची. धातूचं भांडं वापरायचं नाही. लक्षणं असलेल्या रुग्णात १०० मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला तर संशय बळावतो.

पेनिसिलामाइन किंवा ट्रायएंटिन तांबं पकडून लघवीवाटे काढतं, तर झिंक ते आतड्यातच अडवतं. तिन्ही रिकाम्या पोटी, जेवणापासून अंतर ठेवून घ्यायची. पेनिसिलामाइनसोबत ब६ जीवनसत्त्वाची गोळी लागते. या औषधाने सुरुवातीला कंप वाढू शकतो. तो दिसला तर लगेच डॉक्टरांना कळवावं. औषध जन्मभर चालतं. बरं वाटतंय म्हणून परस्पर थांबवल्यावर काही महिन्यांत यकृत निकामी झालेले रुग्ण आहेत. तांब्या-पितळेच्या भांड्यातलं पाणी आणि प्राण्यांचं यकृत (कलेजी) बंद.

रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हाच आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यांना काहीही त्रास नसला तरी तपासणी करून घ्यावी, कारण लक्षणांआधी औषध सुरू झालं आणि नेमाने घेतलं, तर हा आजार रोखता येतो.