जॉर्ज इन : लंडनच्या जुन्या पबची फक्त एकच बाजू का उरली

लंडनच्या साउथवर्कमधल्या जॉर्ज इनचे फोटो बघून बऱ्याच जणांना वाटतं की हा पब मुळातच असा लांबट, एका ओळीत बांधलाय. तसं नाहीये, मधे अंगण आणि भोवती इमारती असा तो होता, आज दिसते ती फक्त दक्षिणेची बाजू.

आधी जागेचं बघू. लंडन शहर थेम्स नदीच्या उत्तरेला, साउथवर्क दक्षिणेला आणि कित्येक शतकं तिथे नदीवर पूल एकच, लंडन ब्रिज, वेस्टमिन्स्टरचा पूल थेट १७५० मधे झाला. रात्री पुलाचा दरवाजा बंद व्हायचा, मग दक्षिणेच्या केंट-ससेक्सकडून उशिरा आलेला माणूस पुलाच्या अलीकडेच मुक्काम करणार ना? त्यामुळे साउथवर्कच्या बरो हाय स्ट्रीटवर ओळीने सराया, म्हणजेच 'इन', उभ्या राहिल्या. १५९८ मधे जॉन स्टो या इतिहासकाराने लंडनचं वर्णन लिहिलं त्यात टॅबर्ड, जॉर्ज, व्हाइट हार्ट, किंग्ज हेड अशी यादीच आहे. मध्ययुगीन इंग्रजी कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधले कँटरबरीला निघालेले यात्रेकरू जमले ते टॅबर्डमधे, म्हणजे जॉर्जच्या शेजारीच.

१६७६ मधे साउथवर्कला मोठी आग लागली, त्यात जॉर्ज जळालं आणि १६७७ मधे परत बांधलं. शेक्सपियर इथे प्यायला बसायचा असं लोक हौसेने सांगतात, पण तो वारला १६१६ मधे, म्हणजे ही इमारत काही त्याने बघितलेली नाही, जुन्या जॉर्जमधे आला असेल तर असेल.

बांधणी मात्र बघण्यासारखी आहे. रस्त्यावर जागा महाग म्हणून तोंड अरुंद, आत बोळासारखं अंगण, घोडागाडी थेट आत यायची. वरच्या मजल्यांना अंगणाच्या बाजूने लाकडी गॅलरी आणि गॅलरीतून एकेका खोलीचं दार, आपल्या चाळीसारखंच म्हणा ना. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात अशा अंगणांत नाटकं व्हायची, बरे पैसे देणारे वर गॅलरीत, बाकीचे खाली उभे. आज खाली बार आहेत, त्यातला एक पूर्वी गाडीची वाट बघणाऱ्यांसाठी होता, आणि वरच्या झोपायच्या खोल्यांचं रेस्टॉरंट झालंय. आत एक मोठं जुनं घड्याळ आहे, त्याला पार्लमेंट क्लॉक म्हणतात. १७९७ मधे सरकारने घड्याळांवर कर लावला, लोकांनी घरात घड्याळं ठेवणं सोडलं म्हणून पबवाल्यांनी मोठी घड्याळं लावली अशी गोष्ट सांगतात, पण कर दुसऱ्याच वर्षी रद्द झाला आणि तसली घड्याळं त्याच्या आधीपासून होती, तेव्हा गोष्ट जरा फुगवलेलीच वाटते.

मग आली रेल्वे. १८३६ मधे लंडन ब्रिज स्टेशन सुरू झालं, तेही चालत पाच मिनिटांवर, आणि घोडागाड्यांचा धंदा हळूहळू बसला. १८४९ मधे शेजारच्या गाइज हॉस्पिटलने जॉर्ज विकत घेतलं, १८७४ मधे ते ग्रेट नॉर्दर्न रेल्वेकडे गेलं. ज्या रेल्वेने धंदा मारला त्यातल्याच एका कंपनीने जागा डेपो म्हणून वापरली आणि १८८९ मधे दोन बाजू पाडून टाकल्या. व्हाइट हार्टही त्याच वर्षी पडलं, टॅबर्ड त्याआधीच गेलं होतं. शेजारच्या बोळांना टॅल्बट यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, किंग्ज हेड यार्ड ही नावं अजून आहेत, सराया नाहीत (टॅबर्डचं नाव बदलून टॅल्बट झालं होतं, म्हणून टॅल्बट यार्ड).

उरलेली बाजू वाचवली तीसुद्धा रेल्वेनेच! ग्रेट नॉर्दर्न पुढे लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत विलीन झाली आणि त्या कंपनीने १९३७ मधे जॉर्ज नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं. गॅलरीवाली अशी सराई आता अख्ख्या लंडनमधे ही एकच. ग्रेड वन, म्हणजे संरक्षित इमारतींमधला सगळ्यात वरचा दर्जा असल्यामुळे मनात आलं म्हणून काही बदलता येत नाही, पण म्युझियम केलेलं नाही, पब अजून चालू आहे, त्यामुळे बघायला तिकीट वगैरे लागत नाही.