फळ्यांखालचा बर्फ

रसवंतीवर बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ठेवतात. भर मे महिन्यातही ती दुपार काढते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हेच तत्त्व वापरलंय, फक्त तिथली लादी ६१ मीटर लांब, २६ मीटर रुंद आहे आणि तिच्या डोक्यावर बास्केटबॉल खेळला जातो.

नाव गार्डन, पण बागेचा पत्ता नाही. १९६८ साली उघडलेली ही गोल इमारत चक्क पेन स्टेशन या रेल्वे स्थानकावर उभी आहे. निक्स हा बास्केटबॉलचा संघ आणि रेंजर्स हा आइस हॉकीचा, दोघांचं घर हेच आणि हंगामही जवळपास एकच. मधल्या रात्री गाण्याचे कार्यक्रम.

मग दर वेळी बर्फ वितळवून पुन्हा गोठवायचा? ते परवडणारं नाही. खेळण्याजोगा बर्फ एका दमात होत नाही. पाण्याचे पातळ थर एकावर एक फवारून तो चढवावा लागतो, मैदानाच्या रेघाही या थरांच्या मध्येच रंगवतात. म्हणून एकदा जमवलेला बर्फ हंगामभर तिथेच राहतो. त्याच्याखाली काँक्रीट असतं आणि त्यात पुरलेल्या नळ्यांतून शून्याखालीही न गोठणारा द्रव फिरत राहतो. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो ना, त्याच्याच जातीची ही गोष्ट.

बास्केटबॉलच्या आधी बर्फावर उष्णतारोधक तक्ते पसरतात. त्यांच्यावर मेपल लाकडाचे, साधारण चार बाय आठ फुटांचे तुकडे एकमेकांत अडकवत जातात. असे दोनशेच्या वर तुकडे लागतात, आणि हे सगळं काही तासांत उरकायचं.

आता थोडा हिशोब करू. बर्फ जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर जाड, म्हणजे एकूण साधारण ४० टन. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. गाण्याच्या कार्यक्रमाला २० हजार माणसं आली, तर झाले २० लाख वॅट! ही सगळी उष्णता बर्फातच गेली, तर दोन तासांच्या आत त्याचं पाणी होईल. पण गरम हवा वर चढते, तिला वातानुकूलन यंत्रणा ओढून घेते, खाली तक्ते आडवे येतात, आणि त्यातूनही जी उष्णता झिरपते ती नळ्यांतला द्रव वाहून नेतो.

माझ्या मते खरी डोकेदुखी उष्णतेची नाही, ओलाव्याची आहे. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेर घाम फुटतो, तसा थंड फळ्यांनाही फुटू शकतो. बाहेरची दमट हवा आत शिरली, त्यात हजारो माणसांच्या श्वासातली वाफ मिसळली आणि वरच्या लाकडापर्यंत गारवा पोहोचला, की पुरे. म्हणून अशा ठिकाणी हवा नुसती गार करून भागत नाही, तिच्यातलं पाणीही काढावं लागतं. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी फिलाडेल्फियाच्या अशाच एका अरीनात सेव्हंटीसिक्सर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचा सामना ठरला होता. दोन्ही संघ हजर, प्रेक्षकही आलेले, पण फळ्या ओल्या आणि निसरड्या. सामना पुढे ढकलावा लागला.