मोटारगाडीतील दिवे व संकेत मंडले

गाडीबाहेरील हेडलाइट, पार्किंग दिवे, ब्रेकदिवे, इंडिकेटर इत्यादींना वीज पुरवणारी विद्युत् मंडले. मोटारींत दाब सामान्यतः १२ व्होल्ट असून बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. त्यामुळे परतीचा प्रवाह बव्हंशी पत्र्यातूनच जातो; या जोडणीला अर्थिंग किंवा अर्थ म्हणतात.

दिशासंकेताचे जनकत्व पुष्कळदा मूकपटांतील अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स यांना दिले जाते. सु. १९१४ मध्ये त्यांनी बटण दाबताच गाडीच्या मागे वर येणारा हात आणि ब्रेकबरोबर दिसणारी ‘स्टॉप’ पाटी योजली, असे सांगतात. मात्र त्यांनी त्याचे एकस्व (पेटंट) घेतले नाही. पर्सी डग्लस-हॅमिल्टन यांचा हाताच्या आकाराच्या संकेतकाचा अर्ज १९०७ चा असून अमेरिकन एकस्व १९०९ चे आहे. कागदोपत्री पुराव्यानुसार अग्रक्रम त्यांच्याकडे जातो. ब्रिटनमध्ये दाराशेजारच्या खांबातून बाहेर पडणारी दिव्याची दांडी दीर्घकाळ टिकली. मॉरिस मायनरमध्ये ती सु. १९६१ पर्यंत होती. लुकलुकणारे दिवे १९३९ च्या ब्यूक गाड्यांत मागील बाजूस दिसतात. आजच्या इंडिकेटरची वंशरेषा तेथून धरणे अधिक सयुक्तिक होय.

हेडलाइटच्या एच-४ प्रकारच्या बल्बमध्ये अपरसाठी (दूरचा झोत) ६० व डिपरसाठी (जवळचा झोत) ५५ वॅटची तार (फिलामेंट) असते. दोन्ही डिपर मिळून सु. ९ अँपिअर प्रवाह घेतात. तो स्विचमधून नेल्यास स्विचचे संपर्क जळतात, म्हणून रिले (विजेवर चालणारा स्विच) वापरतात: ८५ व ८६ या टोकांमधील कॉइलला स्विचकडून वीज मिळाली की ३० व ८७ ही टोके जोडली जातात. कंपनीच्या वायरिंगवर १००/९० वॅटचे बल्ब बसवले की होल्डर वितळतो, ही नित्याची तक्रार. उलट, वायरिंगमध्ये १० टक्के दाब गळाला तरी प्रकाश सु. ३० टक्क्यांनी घटतो.

इंडिकेटरला पुढे-मागे २१ वॅटचे व बाजूला ५ वॅटचा बल्ब असतो, म्हणजे एका बाजूला सु. ४ अँपिअर. फ्लॅशरने (दिवे लुकलुकवणारा भाग) मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करावी अशी अपेक्षा असते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर प्रवाह मोजतो. २१ वॅटचा बल्ब गेला की वेग जवळपास दुप्पट होतो. जुन्या द्विधातू फ्लॅशरमध्ये मात्र कमी प्रवाहाने पट्टी पुरेशी तापत नाही आणि दिवा बहुधा लागलेलाच राहतो.

ठाणे खाडीकाठच्या कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यात दमट खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांमुळे बल्बपेक्षा अर्थिंग आधी तपासणे श्रेयस्कर. अर्थच्या बोल्टखाली गंज चढतो, कपलरमध्ये हिरवट क्षार साचतो. मागील २१/५ वॅटच्या बल्बमध्ये ब्रेक व टेल (मागचा पार्किंग दिवा) यांच्या तारांना अर्थ सामाईक असतो. तो तुटला की ब्रेकचा प्रवाह ५ वॅटच्या तारेतून उलटा टेलच्या वायरीत शिरतो आणि दुसऱ्या बाजूचा टेलदिवा व नंबरप्लेटचा दिवा यांतून गाडीच्या सांगाड्याला पोचतो. पार्किंग बंद असताना ब्रेक दाबल्यावर हे दिवे मंद उजळले तर हेच निदान. नवा बल्ब टाकून ते जात नाही.

तपासणीसाठी दिवा चालू ठेवून होल्डरचा अर्थ आणि बॅटरीचे ऋण टोक यांत मल्टिमीटर लावतात. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेल्यास बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासावा, बोल्ट आवळावा व मगच वरून पेट्रोलियम जेली लावावी.

एलईडी बल्बचा प्रवाह कमी असल्याने इंडिकेटर भराभर लुकलुकतात. त्यावर बसवला जाणारा ६ ओहमचा रोधक १२ व्होल्टला २४ वॅट उष्णता टाकतो. तो प्लॅस्टिकला न टेकवता पत्र्यावरच घट्ट बसवावा. एलईडीसाठीचा फ्लॅशर मिळत असेल तर तोच बरा.